पानामागचं परसदार

चुकीच्या जागी टाकलेला कंस दिसला की माझं डोकं फिरतं. तंत्रनिकेतनात मुलांना संगणक शिकवता शिकवता हा स्वभाव पक्का झाला आणि आता या वयात तो सुटायचा नाही. त्यामुळे इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात विनामोबदला लिहिणाऱ्या आमच्या शहरातल्या मंडळींत मी शिरले, तेव्हा कंसांची जमादारी आपसूकच माझ्याकडे आली.

हा ज्ञानकोश कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. वाचताना लेख कसा नीटनेटका दिसतो; शीर्षक, परिच्छेद, बाजूला चित्र. पण लिहायला म्हणून 'संपादन' दाबलं की त्याचं पोटच उघडायचं. दुहेरी चौकोनी कंस, महिरपी कंस, उभ्या रेघा, एकमेकांना चिकटलेली अवतरणचिन्हं. एखादा कंस मिटायचा राहिला की खालचा अख्खा तक्ता आडवा व्हायचा. आमची मंडळी हे सगळं कष्टानं शिकली होती, आणि कष्टानं शिकलेलं सोडायला माणूस सहसा तयार नसतो.

मंडळी बरीच होती, पण या गोष्टीपुरती तिघांचीच ओळख करून देते. एक शेठ. शहागंजात त्यांचं रंगाचं दुकान आणि त्या दुकानाच्या माडीवर आमची महिन्याची बैठक. जुने दरवाजे, पाण्याच्या नहरी, कबरी यांच्यावर लिहायचं त्यांना वेड. बोलताना वाक्य मराठीत सुरू करतील आणि दख्खनीत संपवतील. लेखातली मराठी मात्र स्वच्छ, कारण ती आम्ही सगळे मिळून धुवायचो.

दुसरे गुरुजी. पिशोरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. घरची शेती मुलगा पाहतो आणि गुरुजी तालुका पाहतात, असं आम्ही म्हणायचो, कारण कन्नड तालुक्यातल्या एकेका गावाचा लेख त्यांनी स्वतः उभा केला होता. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा, "संदर्भ?" छापील पुरावा असल्याशिवाय वाक्य घ्यायचं नाही हा नियम ज्ञानकोशात सगळीकडेच आहे, पण आमच्याकडे तो थेट पिशोरहून आल्यासारखा वाटे.

तिसऱ्या ताई. देवगाव रंगारीच्या पुढचं एक खेडं हे त्यांचं माहेर. शहरात त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. कावीळ, गोवर, कांजिण्या यांच्यावर त्यांनी लिहिलेले लेख इतके सोपे की माझ्या कामवाल्या मावशी ते वाचायला माझा फोन मागायच्या. बैठकीत ताई दाराजवळची खुर्ची धरून बसत आणि फार बोलत नसत. त्या बोलत ते परसदारात.

हे परसदार म्हणजे आमची एक खोड. जुन्या पद्धतीत लेखाच्या पोटात एक खूण करता यायची. तिच्या आत लिहिलेलं वाचकाला दिसत नसे. जो संपादन उघडेल त्यालाच दिसे. 'इथला मजकूर तपासून मगच बदला' अशी एखादी सूचना देण्यापुरती ती सोय होती. आमच्या लोकांनी तिथं संसार मांडला. प्रत्येक लेखाला चर्चेसाठी वेगळं पान असतं, पण तिथं चावडीवर उभं राहून बोलल्यासारखं वाटतं, असं सगळ्यांचं म्हणणं. मग शेठ एका कबरीच्या लेखात गुरुजींना विचारायचे, 'गुडघा कसा आहे?' गुरुजी दोन ओळी खाली लिहायचे, 'बरा हाय. इथला संदर्भ कुठाय?' मला वाढदिवसाच्या शुभेच्छा एका किल्ल्याच्या लेखाच्या पोटात मिळाल्या. शेठच्या मुलीच्या लग्नाचं आवतण एका दरवाजाच्या लेखात होतं, आणि ताईंनी त्याखाली लिहिलं होतं, 'दरवाजातून येऊ की मंडपातून?' मी वरवर रागवायचे आणि रोज सकाळी चहा घेता घेता आधी तेच वाचायचे.

गुरुजींनी तर त्या परसदाराचा कायदाच केला. ज्या वाक्याला पुरावा नाही ते पुसायचं नाही, कारण लिहिणाऱ्याचं मन मोडतं. पण लेखातही ठेवायचं नाही. "परसदारी बसवा," ते म्हणायचे, "पुरावा आला की ओसरीवर घेऊ." या कायद्यानं आमच्यातली कितीतरी भांडणं मिटली.

ताईंच्या गावाच्या लेखात शाळा, टपाल, बाजाराचा वार अशा नोंदींनंतर एक वाक्य होतं: 'गावात वाचनालय नाही.' गुरुजींनी ते एका जुन्या छापील पुस्तिकेतून घेतलं होतं आणि तळटीप रीतसर दिली होती. त्या वाक्याला लागूनच परसदारात ताईंनी लिहिलं होतं, 'आहे. विहाराशेजारच्या खोलीत. माझे वडील रोज संध्याकाळी उघडतात.'

त्याखाली गुरुजी: 'ताई, तुमच्या शब्दावर विश्वास आहे. संदर्भ?'

त्याखाली ताई: 'वडील.'

त्याखाली गुरुजी: 'छापील?'

ते बोलणं तिथंच थांबलं होतं. पुढं वर्षं गेली तरी त्यात एक अक्षर वाढलं नाही.

ताईंच्या वडिलांनी बांधकामावर मजुरी करून ती खोली चालवली होती. पुस्तकं शहरातल्या रद्दीवाल्यांकडून निवडून आणलेली, वर्तमानपत्र मात्र रोजचं ताजं. लेक ज्ञानकोशात लिहिते हे कळल्यापासून ती माहेरी गेली की ते विचारत, "आपलं वाचनालय आलं का गं त्याच्यात?" ताई म्हणत, "येतंय, बाबा." पानावर प्रत्यक्षात काय छापलंय हे सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती. वडील आता थकले होते. त्यांचे डोळे शाबूत आहेत तोवर त्यांना ते पानावर वाचता यावं, एवढंच ताईंना हवं होतं.

अशात ज्ञानकोशाची नवी संपादनपेटी आली. तिच्यात लेख वाचताना दिसतो तसाच लिहितानाही दिसणार होता. हवं तिथं बोट ठेवा आणि लिहा. कंस नाहीत, रेघा नाहीत. चित्र लावायचं तर निवडा, जागा दाखवा, झालं. दुसऱ्या शहरांतल्या जाणत्या संपादकांनी मला कळवलं की तुमच्या गटाला तुम्हीच शिकवा. मी लगेच हो म्हटलं. मनातून थोडं वाईटही वाटलं, कारण माझी जमादारी संपणार होती.

बैठकीत मी विषय काढला तर गुरुजी आधीच कपाळाला आठ्या घालून बसलेले. "ज्याला कंस लावायचा कंटाळा, त्यानं लिहावंच कामून?" शेठनी मान डोलावली. "मॅडम, पुराना अच्छा चल रा ना. फिर कायकू?" मी म्हटलं, आधी बघा तरी. रंगाच्या डब्यांच्या वरच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पाडला आणि शेठना खूश करावं म्हणून त्यांचाच नहरीचा लेख नव्या पेटीत उघडला.

पानाला गोवर उठला होता. प्रत्येक परिच्छेदात, कुठंकुठं तर ओळीओळीत, लहानलहान उद्गारचिन्हं. हे काय आहे हे मलाही कळेना, म्हणून त्यातलं एक दाबलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत शेठचं वाक्य उमटलं: 'गुरुजींना सांगू नका, हा संदर्भ मी अंदाजानं दिला आहे.'

गुरुजी पुढच्याच खुर्चीत होते. ते सावकाश मागं वळले.

"बंद करो मॅडम, बंद करो!" शेठ उठून भिंतीसमोर उभे राहिले, तर वाक्य त्यांच्या सदऱ्यावर आलं. "घर की बात चौराहे पे आ गई!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. दाराजवळच्या ताईसुद्धा हसल्या. हसणं ओसरल्यावर मात्र मला घाम फुटला. कंसांच्या गर्दीत आजवर लपलेलं परसदार नव्या पेटीत झाकलेलं राहत नाही. जो लिहायला येईल त्याला त्या खुणा दिसणार आणि दाबल्या की उघडणार. पुढच्या रविवारी याच माडीवर महाविद्यालयाची मुलं शिकायला यायची होती. त्यांच्यासमोर आमचे गुडघे, लग्नं आणि अंदाजे दिलेले संदर्भ भिंतीवर नाचले असते. मी फर्मान काढलं: ज्यानं त्यानं आपापलं परसदार झाडून घ्यायचं. पुरावा असेल तर वाक्य लेखात घ्या, गप्पा असतील तर पुसा, वाद असेल तर चर्चापानावर हलवा. पाहुणे यायच्या आत घर स्वच्छ पाहिजे.

तो आठवडा मोठा विचित्र गेला. मंडळी मुकाट्यानं कामाला लागली. शेठनी लग्नाचं आवतण पुसलं आणि मला फोन करून सांगितलं, "बेटी की बिदाई दोबारा हो गई, मॅडम." किल्ल्याच्या लेखातल्या शुभेच्छा मी स्वतः पुसल्या. पुसताना डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला. बाई, तुझाच हुकूम, आता रडतेस कशाला?

सगळी पानं साफ झाली, एक राहिलं. 'गावात वाचनालय नाही' या वाक्याशेजारचं उद्गारचिन्ह तसंच होतं. मी ताईंना फोन लावला. आवाज जरा चढाच लागला असेल.

"तुम्हीच पुसून टाका, मॅडम," ताई म्हणाल्या.

"तसं नाही, चर्चापानावर हलवता येईल."

"तिथं कोन वाचतं?" मग त्या बोलतच राहिल्या, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "मॅडम, आमची वस्ती गावाच्या मागं. वाचनालय वस्तीत, म्हणून तेबी मागं. पानावरबी तुम्ही सगळ्यांनी त्याला मागंच जागा दिली. चांगल्या मनानं दिली, मला माहिताय. पण आता तेवढीबी झाडून काढायची म्हणता, तर तुमच्या हातानं काढा. माझा हात होत नाय."

ताई पुढं म्हणाल्या, "आन् एक करा. सोमवारी बाबांचे डोळे दाखवायचेत, म्हणून रविवारी ते इकडं येणारेत. तुमची बैठक पाहायचीच म्हणतात. तेवढं ते पान त्यांच्यासमोर उघडू नका."

मी ते वाक्य पुसलं नाही. गुरुजींना फोन लावला आणि चांगली तोफ डागली. कसली तुमची ती पुस्तिका, कुणी कधी कुठं बसून लिहिली कुणास ठाऊक, आणि एक जिवंत माणूस रोज कुलूप उघडतो त्याला तुमच्या लेखी किंमत नाही? गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आज ताईसाठी नियम वाकवला, उद्या दुसरा कुनी खोटं घेऊन येईल. त्याला काय सांगाल? मग आपल्या पानांवर इश्वास कोन ठेवील?"

पंचाईत अशी की त्यांचं बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि ओट्यावरची भांडी उगाच आपटत घासली.

रविवारी माडी मुलांनी भरून गेली. ताई वडिलांना हाताला धरून जिना चढून आल्या. पांढरं धोतर, निळसर सदरा, खांद्यावर पिशवी, जाड काचांचा चष्मा. "जय भीम," म्हणत त्यांनी सगळ्यांना हात जोडले. शेठनी त्यांना पुढची खुर्ची दिली. मुलांना दाखवायला मी कांजिण्यांचा लेख काढून ठेवला होता. ताईंचाच लेख, म्हणजे वडिलांना बरं वाटेल असा माझा बेत. तेवढ्यात गुरुजी माझ्याजवळ आले.

"मॅडम, ताईच्या गावाचं पान उघडा."

"नाही," मी दबक्या आवाजात म्हटलं. "ताईंनी नको म्हणून सांगितलंय."

"उघडा म्हणतो ना," आणि त्यांनी स्वतःच गावाचं नाव टाइप केलं. मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

वडिलांना समोर आलेलं मोठ्यानं वाचायची सवय होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रोज पेपर वाचून दाखवत, त्यातून लागलेली. चष्मा सारखा करून ते भिंतीवरचं वाचू लागले. गावाचं नाव वाचलं तेव्हा चेहरा उजळला. शाळा वाचली, टपाल वाचलं, बाजाराचा वार वाचून "बराबर हाय" म्हणाले. मग त्यांनी वाचलं, "गावात... वाचनालय... नाही."

ते थांबले. पुन्हा मनातल्या मनात वाचलं. मग लेकीकडं वळून त्यांनी विचारलं, "मंग मी रोज उघडतो ते काय हाय?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं आणि ते विचारत होते. मला त्या क्षणी गुरुजींचा इतका संताप आला की मी प्रोजेक्टरची वायरच उपटणार होते.

"दादा, ते वाक्य माझं हाय," गुरुजी म्हणाले.

वडिलांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "तुम्ही परवा आले होते ना? पेपरची घडी न घालता तसाच टाकून गेले ते?"

"व्हय. मीच." गुरुजी ओशाळले. पिशोरहून कन्नड, कन्नडहून देवगाव, तिथून पुढं काळीपिवळी जीपच्या मागं उभं राहून, असा तो दुखरा गुडघा घेऊन ते जाऊन आले होते आणि आम्हाला कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. ते मुलांकडं वळले. शिकवायची सवय कुठं जाते? "हे बघा लेकराहो. आपल्या डोळ्यांनी पाह्यलं म्हणून इथं लिहिता येत नाय. नियम हाय, आन् चांगला हाय. पण माझी पुस्तिका जुनी. ती छापली तव्हा नसंल वाचनालय. आज नाय असं लिहायला माझ्याकडं तरी कुठं पुरावा हाय? मी आजवर ताईलाच पुरावा मागत बसलो. सवताला नाय मागितला."

त्यांनी माउस हातात घेतला. नव्या पेटीला त्यांचा हा पहिलाच स्पर्श. सवयीनं त्यांची नजर आधी कंस शोधत राहिली, ते माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी वाक्याच्या शेवटी टिचकी मारली आणि एकेक अक्षर मागं घेत गेले. आधी 'नाही' गेलं, मग बाकीचं. शेजारचं उद्गारचिन्ह त्यांनी दाबलं. ताईंचं आणि त्यांचं ते जुनं बोलणं भिंतीवर उघडलं आणि शेवटच्या 'छापील?'पर्यंत सगळ्यांनी वाचलं. शेठनी रुमाल काढून नाक पुसलं.

"आता फोटो," गुरुजी म्हणाले. "फोटो आपण सवता काढून लावू शकतो. त्याला छापील कागद लागत नाय." त्यांनी खिशातून फोन काढून ताईंपुढं धरला. "मी काढलाय. लावायचा मात्र तुम्ही."

ताईंनी मागं एकदा जुन्या पद्धतीनं त्या पानावर गावाच्या वेशीचं चित्र लावून पाहिलं होतं. कुठलीशी उभी रेघ राहिली आणि चित्र दाराएवढं होऊन सगळं पान झाकून बसलं, तेव्हापासून त्यांनी चित्राचा नाद सोडला होता. आज मी फोनमधला फोटो संगणकावर घेतला आणि त्या माझ्या खुर्चीत बसल्या. चित्र निवडलं, जागा दाखवली. भिंतीवर पत्र्याचं छप्पर आलं, उघडं दार आलं, दोरीवर टांगलेले अंक आले आणि आत बाकावर वाकून पेपरची घडी घालणारी एक पाठमोरी आकृती. चित्राखाली ताईंनी लिहिलं, 'गावातील वाचनालय', आणि 'प्रकाशित करा' दाबलं. उद्गारचिन्ह त्यांनीच पुसलं. त्याचं काम संपलं होतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, मी ताईंच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते.

वडील भिंतीजवळ जाऊन बघून आले. "हे कोनाला दिसतं?"

"सगळ्यांना, बाबा."

"शहरातल्या लोकांना?"

"जगात कुठंबी."

त्यांनी जरा विचार केला. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीवरची पिशवी खांद्याला अडकवली. शेठ म्हणाले, बाबा, बैठो, चाय आ रही. ताई म्हणाल्या, कुठं निघालात, उद्या डोळे दाखवायचेत.

"डोळे दाखवू पुढच्या हप्त्यात. देवगावची गाडी कव्हा हाय ते सांग." ते दाराकडं निघालेसुद्धा. "मी तिथं कुलूप लावून आलोय. आता लिवलंय म्हणल्यावर कुनीबी येईल. आन् कुलूप बघितलं तर म्हनंल, पान खोटं हाय."

गुरुजींनी आपली टोपी घातली, ताईंच्या वडिलांच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि त्यांच्या पुढं जिना उतरू लागले.